गठ्ठ्यातली तळाची फाईल

बाबा,

आज माझ्या खिडकीवर एक मुलगी आली होती. सोबत तिचे वडील, कुठल्याशा कॉलनीत गार्ड आहेत, अंगात ड्यूटीचाच निळा शर्ट. शिष्यवृत्तीच्या अर्जाला लावायचा उत्पन्नाचा दाखला त्यांना काल मिळाला आणि मुदत परवाच संपली. वडीलच हात जोडून बोलत होते, देख लीजिए ना मॅडम, म्हणत होते. मुलगी त्यांच्यापासून चार हात लांब उभी राहून नोटीस बोर्ड वाचत होती. मी नियम सांगितला आणि कागद परत केले. ते गेल्यावर मला काम सुचलं नाही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, हे पत्र कुठे टाकायचं नाही, तरी लिहायला बसले.

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं तेव्हाचं मंत्रालयातलं तुमचं ऑफिस मला अजून दिसतं. भोपाळहून ट्रक भरभरून फायली येत आहेत, ठेवायला कपाटं नाहीत, व्हरांड्यातही गठ्ठेच. साहेबांच्या दाराबाहेर तुमचं स्टूल, शेजारी टेबल, टेबलावर सहीच्या फायली. कोणती वर आणि कोणती खाली, हे तुम्ही लावायचे. चपराशाच्या हातात सत्ता म्हणाल तर तेवढीच. दुसरे तिच्यावर चहा-पान काढायचे, तुम्ही कधी काढलं नाही. तात्यापाऱ्यातल्या आपल्या दोन खोल्यांत जेवताना तुम्ही आम्हाला तुमचा नियम सांगायचे, की घरचं काम असलं तर ते सगळ्यात खाली ठेवायचं. आई म्हणायची, आपल्या घरचं काम तिथं येतेच कुठं.

मग आलं. सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात माझा नंबर लागला. आपल्या पाऱ्यात, अख्ख्या मोहल्ल्यात, तोवर कोणाचाच लागला नव्हता. फीमाफी मिळाली तरच शिकता येणार होतं, आणि फीमाफीसाठी तुमच्या पगाराच्या दाखल्यावर साहेबांची सही पाहिजे होती. हातात आठ दिवस होते. पहिल्याच दिवशी तुम्ही दाखला फाईलला लावला आणि फाईल तळाशी ठेवली. साहेब रोज वरच्या दहा-बारा फायली पाहायचे आणि मीटिंगला निघून जायचे. उरलेल्यांवर दुसऱ्या दिवशी नव्या येऊन पडायच्या. मी रोज संध्याकाळी विचारायची. तुम्ही चपला काढत म्हणायचे, "होते माय, होते. आपलीच फाईल आपण वर ठेवली तं लोक काय म्हणतीन?"

सही झाली, पण मुदत संपल्यावर दोन दिवसांनी. घडी पडू नये म्हणून तुम्ही तो दाखला दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये धरून आणला होता. आईने तो हातातही घेतला नाही. "साऱ्या दुनियेच्या फायली आत नेता," ती म्हणाली, "पोट्टीचीच काहून नाही नेली?" तुम्ही दाखला परत पुठ्ठ्यांत घातला.

मी घरी बसून प्रायव्हेट बी.कॉम. केलं. आता नव्या रायपुरात एका संस्थेत लिपिक आहे. तेलीबांध्यावरून बस पकडते, ती चुकली की रुंद रस्त्यावर उभं राहून लोकांच्या गाड्या पाहत बसायचं. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान साहेब येतात, माझ्याकडून काम शिकतात आणि वर जातात. तुम्ही दाराच्या बाहेर स्टुलावर बसायचे, मी दाराच्या आत खुर्चीवर बसते. एका पिढीत आपण एवढं पुढे गेलो. तुमच्या तेरवीला तुमच्या ऑफिसातले बडे बाबू आले होते. पंगतीत बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी सांगितलं, "मैंने खुद कहा था, भैया, बिटिया का कागज है, ऊपर रख दो. नहीं माने. ऐसा ईमानदार आदमी अब नहीं मिलेगा." लोक माना हलवत जेवत होते. मी वरण वाढत होते. त्यांचं पान सोडून मी पुढे गेले. तुमच्या इमानदारीची शाबासकी तुम्हाला मिळाली आणि भरपाई मी करते आहे, हे मी नवऱ्याला सांगितलं, मुलाला सांगितलं, आईला तर किती वेळा.

शेवटच्या दिवसाचं मात्र कोणालाच सांगितलं नाही. मुदत त्या दिवशी संपत होती. दुपारी मी तुमचा डबा घेऊन आले, खरं तर फाईल पाहायला आले. तुम्ही मला पाहिलं, मग गठ्ठ्याकडे पाहिलं, आणि वरच्या फायली एका हाताने उचलून धरल्या. दुसऱ्या हाताने माझी ओढली. ती अर्धी बाहेर आली होती, बाबा. तेवढ्यात दार उघडलं. साहेब होते आणि त्यांची मुलगी होती. ती मला ओळखत होती. प्रवेशाच्या रांगेत आम्ही तासभर गप्पा मारल्या होत्या, आणि माझे वडील मंत्रालयात आहेत, एवढंच मी तिला सांगितलं होतं. ती हसून म्हणाली, "अरे, तू यहां? अपने पापा से मिलने आई है?"

मी तुमच्या स्टुलाकडे पाहिलं. मी म्हणाले, "नहीं, एक अंकल का टिफिन देना था."

साहेबांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही उठून उभे राहिले होते. "हव साहब," तुम्ही म्हणाले, "पड़ोस की बच्ची है." आणि उचललेल्या फायली होत्या तशा खाली ठेवल्या. दाखल्यावर तुमचं नाव होतं, पुढे चपराशी, आणि त्याच्याखाली माझं. तो त्या वेळी आत गेला असता तर त्या मुलीसमोर मी खोटी पडले असते.

दोन दिवसांनी आई तुम्हाला बोलत होती, तेव्हा तुम्ही एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी जेवत होते. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही, म्हणून मी भात पुन्हा मागून घेतला.