दूधबहिणीचा हिस्सा

परम दयाळू अल्लाहच्या नावाने.

मी, नझहा बेनशक्रून, वय सेहेचाळीस, अविवाहित, रसायनशास्त्राची पदवीधर, राहणार मेक्नेस, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डोकं ठिकाणावर आहे आणि माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मन स्वच्छ आहे असं मात्र मला लिहिता येत नाही, आणि कायदा तेवढं विचारतही नाही.

१. घर आणि बँकेतली शिल्लक यांचे दोन तृतीयांश शरियतप्रमाणे माझा एकुलता भाऊ जवाद याला जातील. त्यात माझं औदार्य काही नाही. जवाद मी बनवलेलं केसांचं तेल बिनकामाचं म्हणतो आणि बाटली संपायच्या आत दुसरी मागतो. उरलेल्या बाटल्याही त्याच्याच.

२. वजनकाटा, आम्लता मोजायचं यंत्र आणि काचेची भांडी इब्तिसामला द्यावीत. ती केशरंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझ्या हाताखाली काम करते. अट एकच. नव्या मिश्रणाची पहिली चाचणी घरच्या माणसावर घेऊ नये. स्वयंसेवक मिळेपर्यंत थांबावं. साहेब घाई करतील, करू देत.

३. कारखान्याने माझी शोकसभा घेतलीच, तर सत्काराच्या वेळी मला बहाल केलेले ‘सुरक्षित सौंदर्याची राखणदार’ हे शब्द तिथे उच्चारू नयेत. कारण पुढे आहे.

४. मला माझ्या मर्जीने देता येतो तो एक तृतीयांश हिस्सा यामना हिला द्यावा. यामना माझी दूधबहीण. तिची आई बाळंतपणात अंथरुणाला खिळली, तेव्हा माझ्या आईने आम्हा दोघींना पाजलं. या नात्याने तिचं जवादशी लग्न होऊ शकत नाही, पण वारसाहक्कही मिळत नाही. म्हणून हे कलम.

यामना नवरीमुली सजवायची. तिच्या कातडीवर कधी पुरळ म्हणून उठायचं नाही, त्यामुळे काळ्या केशरंगाचं प्रत्येक नवं मिश्रण मी आधी तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघायचे. एका सोशिक कातडीवरून काहीच सिद्ध होत नाही, हे मी नवशिक्यांना शिकवत होते. शिवाय लग्नघरातल्या काळ्या मेंदीत हाच रंग मिसळलेला असतो आणि तिचे हात रोज त्यात असायचे. आमच्याकडच्या शाळकरी मुलीलाही हे ठाऊक असतं. चाचणीआधी विचारायच्या प्रश्नांत मेंदी नव्हती, कारण ते प्रश्न परक्या देशातल्या पुस्तकातले होते. मीही विचारलं नाही.

असा रोज लागणारा रंग कधीतरी अंगावर उलटतो. शेवटच्या चाचणीनंतर तिचा हात खांद्यापर्यंत सुजला, डोळे उघडेनात. ही ॲलर्जी जन्मभर जात नाही. मेंदी, केशरंग, रंगवलेले केस, यांतल्या कशालाच तिला हात लावता येत नाही. आता ती कफ्तानांची रेशमी बटणं विणते आणि काळ्या धाग्याचं काम घेत नाही. ते मिश्रण बाजारात गेलं नाही. वेळीच रोखल्याबद्दल माझा तो सत्कार झाला आणि मला बढती मिळाली. अहवालात ‘एक स्वयंसेविका’ असं आहे. ती आपणहून आली नव्हती. मी हाक मारायचे आणि ती यायची.

तिच्या नावापुढे मी ‘हानीची भरपाई म्हणून’ असं लिहिलं होतं. काल इथपर्यंतचं दोघांना वाचून दाखवलं.

जवाद म्हणाला, “ताई, आईचं दूध एवढं महाग होतं हे माहीत असतं, तर मी अजून दोन वर्षं प्यालो असतो.”

“तू तसाही सोडत नव्हतास,” यामना म्हणाली आणि माझ्याकडे वळली. “ते भरपाईचं खोड.”

“ते खरं आहे.”

“असेल. कारखान्याने दिली असती तर मोजून घेतली असती मी भरपाई. तू काय कारखाना आहेस?”

“नुसतं ‘बहिणीला’ लिहिलं तर मी उदार ठरते, यामना. मी उदार नाही.”

“मग नको देऊस. दस्त करायला अदूलसाहेबांसमोर बसलो की सरळ नाही म्हणेन. बहिणीला हात विकला, असं म्हणवून घ्यायचं का मी? बहीण म्हणून देत असलीस, तर हा चहा संपायच्या आत घेते.”

तिला माझ्या अपराधी मनाची सोय व्हायचं नव्हतं. मी भरपाई लिहिली ती न्यायाची चाड म्हणून की माझी सोय म्हणून, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. पण तिने नाकारलं असतं, तर बटणं विणून तिची बोटं जातील तेव्हा तिला कोणी उरलं नसतं.

५. माझ्या मृतदेहाला यामना आंघोळ घालणार आहे. हातमोजे घाल म्हटलं, तर “बहिणीला हातमोजे घालून आंघोळ घालतात का?” असं मलाच विचारते. म्हणून पाणी साधं असावं. साबण, अत्तर, कापूर काही नको.

६. कलम चारमधले ‘हानीची भरपाई म्हणून’ हे शब्द मी यामनाच्या सांगण्यावरून खोडले आहेत. दस्त तपासणाऱ्या अदूलसाहेबांनी पान नव्याने लिहायला सांगितलं. मी नकार दिला. शब्द एकाच रेघेने खोडले आहेत आणि ते वाचता येतात. बाजूला माझी सही आहे.

मेक्नेस, १९ ऑक्टोबर २०२२

सही: नझहा बेनशक्रून

आमच्यासमोर वाचून सही केली:
अब्देलहक लमरीनी, अदूल
तय्येब स्कल्ली, अदूल