सॅकचा तळ

३ जानेवारी, चिलिंग, लडाख

आज सकाळी लोण्याचा दिवा लावला, माळ फिरवली आणि नव्या कामाला लागलो. मालक वांगदुसचं सामानघर उबदार आहे. गोठलेल्या नदीवरून आठ दिवस चालणाऱ्यांच्या सॅक मी भरायच्या. तळाशी स्लीपिंग बॅग, त्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले लोकरी मोजे, मग सत्तू, चहा, अगदी वर काडेपेटी. जे सगळ्यांत शेवटी लागतं ते आधी भरायचं. संध्याकाळी मुक्कामाची गुहा येईपर्यंत तळाला कुणी हात लावत नाही. माझं काम पाहून वांगदुस म्हणाला, "आचो, सॅक भरताय की नवरी सजवताय?" सगळे हसले. मीही हसलो.

आचो म्हणजे थोरला भाऊ. मी नोरफेलचा थोरला भाऊ, हे त्याला ठाऊक नाही.

५ जानेवारी

दोन वर्षांपूर्वी नोरफेल हमाल म्हणून वांगदुसचं ओझं घेऊन याच नदीवर गेला आणि पहिल्याच गुहेत गारठून मेला. मी तेव्हा कारगिलला होतो. त्याची स्लीपिंग बॅग नदीत पडली, असं वांगदुसनं आईला सांगितलं.

आज ती बॅग वरच्या फळीवर सापडली. आईनं लावलेलं निळं ठिगळ. पाण्याचा डागही नाही.

स्वयंपाकी छुल्टिमला विचारलं. तो चुलीकडे बघतच म्हणाला, पाहुण्याची घडीची खुर्ची नोरफेलच्या सॅकमध्ये मावेना, म्हणून मालकानं त्याची बॅग काढून ठेवली. पोराला सांगितलंसुद्धा नाही.

कुणाचा जीव घ्यायचा नाही, असं माझं व्रत आहे. माळ तीनदा फिरवली.

८ जानेवारी

वांगदुस परवा निघणार. त्याची सॅक मी काल भरून ठेवली होती. सकाळी पाहतो तर त्याची बॅग जमिनीवर. सॅक मात्र बांधलेली. दोरीला डाव्या हाताची गाठ.

नोरफेल डावखुरा होता.

बॅग पुन्हा तळाशी घातली.

९ जानेवारी

पुन्हा तेच. कुलूप मीच उघडलं. आत अनवाणी पावलं, ओली, बर्फ झालेली. दारातून आलेली नाहीत. नोरफेलची बॅग आहे त्या फळीपासून सॅकपर्यंत —

नको रे, म्हणालो. बॅग परत भरली. सॅकच्या आत कुणाचे तरी दात वाजत होते.

१० जानेवारी, सकाळ

तिसऱ्यांदा. बॅग जमिनीवर. तरी सॅक फुगलेली, तितकीच जड. हात लावला. गार.

वांगदुसनं पाठीवर घेतली. "आचो, बर्फ भरलाय की काय?" म्हणून हसला.

त्याची बॅग माझ्या टाचेमागे होती. सांगायला तोंड उघडलं. मग पायानं ती फळीखाली सारली.

तो वळणाआड गेला. सॅक त्याच्या पाठीवर हलत होती, श्वास घेतल्यासारखी —

बरं वाटलं. फार बरं वाटलं.

दुपार

दाराशी माझी सॅक उभी आहे. मी भरलेली नाही. डावी गाठ.

ओली पावलं. या वेळी माझ्या खाटेपासून —

गाठ सोडली. सत्तू आहे. मोजे आहेत. हात तळापर्यंत घातला. माझी बॅग नाही. तिच्या जागी काहीतरी गार —