माझ्यामागे केचप कोणी चाखायचं

हा कागद हाती लागला म्हणजे तो कुठे ठेवलाय हे माझ्या मुलाला आठवलं, असं कुणीही समजू नये. तो सूनबाईने शोधून दिला असणार. बाबा रे, तू गॅसवर दूध ठेवतोस आणि त्याच गॅससमोर उभा राहून ते उतू घालवतोस. तेव्हा पुढचं सगळं एका बैठकीत वाच, आणि संपलं की पुन्हा पहिल्यापासून वाच.

मी, खाली अंगठा उठवणारी, वय ऐंशीच्या पुढे, धंदा टोमॅटो केचप करून विकणे, असं जाहीर करते की माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी तपासून तसं लिहून दिलंय. हे मी कुणाच्या दबावाखाली करत नाही. भरात होते तेव्हा कुणाची टाप नव्हती, आता कोण दाबणार? मला लिहिता-वाचता येत नाही. मी सांगते आणि शेजारच्या मास्तरीणबाई लिहितात. जिथे भाषा फार शुद्ध वाटेल तिथे ती त्यांची समजावी.

कलम १. घराचा खालचा मजला, मागची खोली सोडून, मुलाचा. वरचा मजला माझ्या धाकट्या जावेचा, तिच्या नवऱ्याने तिच्या नावे केलेला, त्याला माझा इलाज नाही. जिना मात्र सामाईक आहे आणि तिने त्यात कुंड्या मांडल्यात. त्या उचलाव्यात. तिच्या कुंड्यांना फुलं येतात आणि माझ्या कुंड्यांना नुसती पानं, याचा या कलमाशी संबंध नाही.

कलम २. बँकेत जे निघेल ते मुलगा आणि मुलगी यांनी निम्मं निम्मं घ्यावं. भांडायचं असेल तर दार लावून भांडावं. वर ऐकू जातं.

कलम ३. धाकट्या जावेला या कागदाने काहीही मिळणार नाही. वकील म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये. हा नियम मला फार आवडला. म्हणून पहिली साक्षीदार मी तिलाच नेमते.

कारण विचाराल तर ऐका. टोमॅटो निवडायची मी, रस गाळायची मी, पातेल्यासमोर घामाने निथळायची मी, आणि दुकानदार विचारणार, "धाकट्या बाईंचं केचप आलं का?" ही दिवसभर वर. शेवटी पायऱ्या उतरून यायची, चमच्याच्या टोकाने चाखायची, "जाऊबाई, अजून अर्धी पळी व्हिनेगर," म्हणायची आणि चालू पडायची. मास्तरीणबाई इथे 'मत्सर' लिहिणार होत्या. मी म्हटलं, जळते असंच लिहा. मोठा शब्द घातल्याने आग कमी होत नाही.

हे अंथरुणाला खिळले होते तेव्हाची गोष्ट. मी ह्यांच्यापुढे नव्या घाण्याचं केचप ठेवलं. ह्यांनी आधी विचारलं, "धाकटीने चाखलंय ना?" मी म्हटलं, "हो." ह्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाले, "नाही चाखलेलं." असल्या माणसाच्या उशा-पायथ्याशी मी जागरणं केली.

कलम ४. मागची खोली, मोठं स्टीलचं पातेलं, गाळण्या आणि बुचं बसवायचं यंत्र माझ्या नातीला. मुलाला ती खोली मोबाईल दुरुस्तीवाल्याला भाड्याने द्यायची आहे. देता येणार नाही. "आजी, तुझ्यामागे हे बंद पडायला नको, मला शिकव," असं या घरात तिच्याशिवाय कुणी म्हणालं नाही.

कलम ५. केचपची कृती, नातीसाठी. टोमॅटो देठापर्यंत लाल असावा. देठाशी हिरवा असला तर केचपचा रंग मातकट होतो. चिरून शिजवावेत आणि गरम असतानाच गाळावेत, साल-बी वर राहिली पाहिजे. कांदा, लसूण, दालचिनी, लवंग, मिरची फडक्यात सैल बांधून रसात सोडावी. लवंगेची डोकी खुडून टाकावीत, नाहीतर बाटलीच्या गळ्याशी काळं धरतं. साखरेचा तिसरा हिस्सा आधी, उरलेली मागाहून. रस तिसऱ्या हिश्श्यावर आला की पुरचुंडी घट्ट पिळून काढावी. थेंबभर ताटलीत टाकून पाहावं. भोवती पाण्याचं कडं सुटलं तर अजून आटलेलं नाही. मग मीठ. सगळ्यात शेवटी व्हिनेगर, आधी घातलं तर वाफेबरोबर निघून जातं. बाटल्या उकळून घ्याव्यात आणि गरम बाटलीत गरम केचप भरावं.

मास्तरीणबाईंनी पेन थांबवलं. "काकू, व्हिनेगर किती लिहू?"

"लिहा की."

"अहो, पण किती?"

आता हे मोजून कसं सांगणार? टोमॅटो दर घाण्याला निराळा आंबट. कुठे थांबायचं ते जीभ सांगते, आणि माझ्या जिभेला आंबट म्हणजे आंबट. त्यात कमी-जास्त कधी कळलंच नाही. धाकटीचा पाय मोडला होता तेव्हा एक घाणा मी माझ्या अंदाजाने उतरवला. दुकानदार पेटीच्या पेटी परत घेऊन आला. "मोठ्या बाई, याने भांडी छान निघतात."

नात दारातच होती. "मग मी धाकट्या आजीकडून शिकते."

"ती सांगायची नाही. 'कळतं मला,' एवढंच म्हणते."

"तू विचारलंस कधी?"

मी उत्तर देण्याआधीच कार्टीने जिन्यात जाऊन हाक मारली. सही करायची म्हणून धाकटी तयारच होती. एक मजला उतरायला नवी चप्पल घातली होती.

मी म्हटलं, "पोरीला जीभ शिकवशील का?"

"शिकवीन की. पण बसून. इतकी वर्षं उभ्याने चाखतेय, जाऊबाई. 'बस' म्हणालात कधी?"

त्या खोलीत खुर्ची एकच, आणि तीत मी बसलेली असायची. यात माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. पण नात माझ्याकडे बघत होती. धाकटीने शिकवलं नाही तर पोर उरलेल्या जन्मात भांडी घासायचं पाणीच बाटल्यांत भरणार.

कलम ६. सबब कलम ३ रद्द समजावं. पातेल्याजवळची माझी हातांची खुर्ची धाकट्या जावेला. तिने तीत बसून दर घाण्याला आधी नातीला चाखायला लावावं, आणि अजून पळी का हवी किंवा का नको, ते तोंडाने सांगावं. "कळतं मला" चालणार नाही. एवढंही जड गेलं तर खुर्ची मुलीकडे जाईल. बाटलीवर तिचं नाव घालू नये. माझंही नको, नातीचं घालावं. आता काहीतरी मिळाल्यामुळे तिला साक्षीदार होता येत नाही, आणि ती चप्पल वाजवत परत वर गेली. एवढं समाधान मला पुरेसं आहे.

वरचं सगळं मास्तरीणबाईंनी मला दोनदा वाचून दाखवलं. दोन्ही वेळा ते माझंच वाटलं, म्हणून राजीखुशीने डाव्या हाताचा अंगठा उठवते. बोटाला लाल दिसलं तर तो रस आहे, शाई निळी आहे.

साक्षीदार: डॉक्टरीणबाई (सही). रिकाम्या बाटल्यांचा व्यापारी (सही).
लिहिणार: शेजारच्या मास्तरीणबाई.
ठिकाण: मागची खोली. दिनांक: हंगामातला शेवटचा घाणा भरला तो मंगळवार.

ता. क. नात स्वतःच्या जिभेवर पहिला घाणा उतरवेल, त्या दिवशी वरच्या मजल्यावर तळलेले बटाटे पाठवावेत. गरम असावेत, आणि सोबत वाटी भरून नवं केचप. बटाटे मी कापते तसे बारीक कापावेत. ते धाकटीला कधीच जमले नाहीत.