आधी हात कुणी लावला

१७ जून, मंगळवार

सही केली नाही. आधी वाचीन, मी म्हणाले.

कलबुर्गीच्या मेडिकल कॉलेजातून एक डॉक्टरीण आल्या होत्या, अंजू मॅडम. अपघातात सापडलेल्या माणसांची ऑपरेशनं करतात. आता एक अभ्यास चालवलाय. मागच्या पाच वर्षांत आमच्या मंठाळच्या आसपास अपघातात जे गेले आणि जे वाचले, त्यांच्या घरी जाऊन विचारायचं, अपघातापासून दवाखान्याच्या दारापर्यंत काय काय झालं. दाराच्या आतलं सगळं आमच्याकडे लिहिलेलं असतं, म्हणाल्या, दाराबाहेरचं कुठंच नाही.

यादीत आमचं घर. ह्यांचं नाव. प्रेमानंद, वय बेचाळीस, मोटरसायकल, उसाची ट्रॉली. एवढंच!

फॉर्म कानडीत. माझं कानडी बसच्या पाट्यांवर शिकलेलं, मराठी ह्यांच्या पेपरवर. शाळा अशी नाहीच. एकेक अक्षर लावत बसले. मॅडमचा चहा संपला तरी माझं दुसरंच पान चाललेलं. त्यांनी घाई केली नाही. दुसऱ्या कुणी अंगठ्याची शाई काढली असती.

सातवा प्रश्न — जखमी माणसाला सगळ्यात आधी हात कुणी लावला? आठवा — त्याला तोंडानं काही दिलं का?

तिथं माझं बोट थांबलं. शुक्रवारी या म्हणाले.

१८ जून

इथं लिहून टाकते, म्हणजे त्यांच्यासमोर जड जाणार नाही.

तीन वर्षं झाली. तुरीची रास चालू होती. पुलाच्या वळणावर हे ट्रॉलीवर आदळले. कुणीतरी ओरडत आलं, मी खळ्यातून पळाले. धाकटा दीर, संघपाल, माझ्याआधी पोचलेला. ह्यांना धरून रस्त्यात बसला होता. मला बघितलं आणि म्हणाला, "वैनी, पाणी पाजा." बाटली हातातच होती. डोकं मांडीवर घेतलं आणि पाजलं. आत किती गेलं कोण जाणे, पदर भिजला. मग ह्यांना दोघांच्या मध्ये बसवून मोटरसायकलवर कल्याणला, तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरांनी बघितलं आणि मान हलवली.

पुढं दीड वर्षानं मैत्रेयीचं दहावीचं पुस्तक चाळत होते. त्यात चौकटीत छापलेलं — बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नये, ते श्वासनळीत जातं. मी पुस्तक मिटून ठेवलं. लेकीलाही बोलले नाही.

तेव्हापासून एकच विचारायचंय. माझ्या पाण्यानं गेले का?

२० जून, शुक्रवार

विचारलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "अक्का, एका माणसाचं मला सांगता येत नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं सांगणार नाही. तीनशे जणांचं कळलं, तर पुढच्याला काय करायचं ते सांगता येईल."

राग आला. मला तीनशे कशाला? मला एकाचंच पाहिजे.

पण त्या गेल्यावर दोन भाकरी खाल्ल्या. तीन वर्षांत जो तो म्हणाला, नशीब, वेळ भरली होती. मला माहीत नाही असं म्हणणारं पहिलं माणूस हेच.

एका मरणाला दोन साक्षी लागतात त्यांना. दुसरा संघपाल. तो माझ्या दारात फारसा येत नाही, आला तर मान खाली घालून बोलतो. पाणी पाज असं आपणच म्हणालो, हे त्याला खात असणार. त्याच्यापर्यंत निरोप गेला, तर पिकअपमध्ये दुसऱ्याची तूर भरून आळंदच्या बाजाराला निघून गेला. आळंदचा बाजार आज नसतो.

६ जुलै, रविवार

मॅडम थकल्यात. तीस घरं झाली आणि सातव्या प्रश्नाला तीसही घरी एकच उत्तर — "पब्लिकनं." नाव कुणी घेत नाही. हात लावला म्हटलं की पोलीस बोलावतील, कोर्टाच्या फेऱ्या होतील, ही भीती. आता तसा त्रास देता येत नाही, कायदा आहे, असं मॅडम सांगतात. लोक मान डोलावतात आणि पुन्हा पब्लिकच म्हणतात.

आज मला बरोबर घेऊन गेल्या. जगदेवप्पांच्या घरी. त्यांचा भाऊ चिंचेवरून पडला होता, वाचला, लंगडतो. आधी हात कुणी लावला? जगदेवप्पा सरळ तोंडानं म्हणाले, "कुणी बी न्हाई. त्यो आपोआप दवाखान्यात गेला."

मोडक्या पायानं! मी पदर तोंडाला लावला. मग काय झालं कोण जाणे, बोलून गेले, "जगदेवअण्णा, ह्यांना मी पाणी पाजलं होतं. बेशुद्ध होते तरी पाजलं. पाजायचं नसतं म्हणं."

गावातल्या माणसासमोर पहिल्यांदा बोलले. बाजेवर जगदेवप्पा, खाली मॅडम, दारात त्यांची म्हैस.

मग ते म्हणाले, जखमेत हळद मी कोंबली. रक्त थांबंना म्हणून वरून गूळ. तंगडी ओढून सरळ बी मीच केली, लई बोंबलला. मॅडम खाली मान घालून लिहीत होत्या. पोलीस वाचतील का, असं जगदेवप्पांनी तीनदा विचारलं. कागदावर नाव नसतं, नुसता नंबर असतो, हे मॅडमनी तीनदा सांगितलं.

२४ जुलै, गुरुवार

आता सोमवार-गुरुवार मी त्यांच्याबरोबर जाते. शिलाईचं काम बाकीच्या दिवशी.

प्रश्न मराठीत मीच केले. श्वसनमार्ग मोकळा होता का, असं कुणी कुणाला विचारतं का? मी विचारते — घरघर येत होती का? तोंड आभाळाकडं होतं का भुईकडं? सगळे फटकन सांगतात. आणि प्रत्येक घरी आधी माझं सांगते. पाणी मी पाजलं. मग ते बोलतात.

बावन्न घरं झाली. एकोणचाळीस घरी पाणी पाजलेलं. दारात आलेल्या अनोळखी माणसालाही आपण आधी तांब्या पुढं करतो, मग रस्त्यात पडलेल्या आपल्या माणसाला कोण नाही देणार? मला ह्यात समाधान वाटतं का ते कळत नाही. पण झोप लागते.

आज मॅडमनी विहारात बायांना शिकवलं. मलाच आडवं पाडलं नमुना म्हणून. मान आणि पाठ एका रेषेत ठेवून चौघींनी मिळून कुशीवर वळवायचं, तोंडातलं रक्त बाहेर वाहू द्यायचं, जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरायचं, सोडून बघायचं नाही. गल्लीतली लिंगम्माआजी भिंतीला टेकून म्हणाली, "नीट वळवा गं तिला. माजी चोळी शिवायची र्‍हायलीय तिच्याकडं."

११ ऑगस्ट, सोमवार

अक्षर वाकडं येतंय, तरी आजच लिहिते.

दुपारी चारला राजूबाई नवऱ्याच्या गाडीवर मागं बसलेली. पदर चाकात गेला. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच पडली, डोक्यावर. राजूबाई म्हणजे लिंगम्माआजीची सून. मी पोचले तर गर्दी, आणि आजी तांब्या घेऊन पुढं आलेली.

मी तांब्या धरला.

आजी ओरडली नाही. हळू बोलली, त्यानं जास्त लागलं. "मरणाऱ्याला पाणी नको म्हणायलीस मंगल? तुज्या नवऱ्याला तर पाजलीस."

पाजलं, म्हणूनच नको म्हणते, एवढंच मला सुचलं. विहारातल्या तिघी होत्या तिथं, त्यांना हाका मारल्या. कुशीवर घेतली. घरघर होती, रक्त बाहेर आलं, घरघर गेली! मी शिवायला आलेलं नवं पांढरं कापड दाबून बसले. राजूबाईचा नवरा मोटरसायकल वळवून उभा, मध्ये बसवा म्हणत. अँब्युलन्सला फोन लावला तर ती दुसऱ्या अपघाताला गेलेली.

तेवढ्यात पिकअप आली. संघपाल. कुणी बोलावलं माहीत नाही. मागचं फळकं खाली केलं, घरातल्या वाकळा आणून अंथरल्या. राजूबाईला दारावर झोपवून उचलली, जगदेवप्पांनी कोंबड्याच्या खुराड्याचं दार काढून दिलं. मी मागं बसले, कापड दाबून. कल्याणपर्यंत संघपालनं एक खड्डा लागू दिला नाही. दवाखान्याच्या दारात कारकुनानं विचारलं, कुणी आणलं?

संघपाल म्हणाला, "मी आनलो. नाव लिवा."

१२ ऑगस्ट

कलबुर्गीला हलवली. डोक्याचं ऑपरेशन झालं. जिवंत आहे.

२१ ऑगस्ट, गुरुवार

राजूबाईनं डोळे उघडले, सासूला ओळखलं आणि पहिलं वाक्य म्हणे, म्हशीचं कोण करायलंय?

लिंगम्माआजी आली होती. मेथीची जुडी ठेवली. माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाली, "तरी थेंबभर द्यायला पायजे हुतं." मग उंबरा ओलांडताना, "चोळी कवा देनार?"

मी मॅडमना विचारलं, कुशीवर वळवल्यामुळं वाचली का? हसल्या. म्हणाल्या, एकीचं सांगता येत नाही अक्का.

ह्या वेळी राग आला नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

काल राजूबाई घरी आली. डोक्यावर टोपी, पाय जरा ओढते. अर्धी गल्ली बघायला. संघपालही लांब उभा होता. जाताना माझ्याजवळ आला, मान खालीच. मॅडम कवा येनार, विचारलं.

आज आला. साक्ष एकट्यानं द्यायची असते, म्हणून मी मागं चुलीपाशी बसले. तासभर. आतून मॅडमचा आवाज येत होता, त्याचा नाही.

बाहेर आल्यावर मॅडम माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "त्यांना तुम्हाला काही सांगायचंय. ते मी सांगायचं नाही." तोवर पिकअप निघून गेलेली.

काय राहिलंय सांगायचं? पाणी पाज असं तो म्हणाला, हे मला माहीत आहे. मी त्याला कधी बोल लावला नाही. पण लावत नाही असंही कधी सांगितलं नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

सकाळी आला. उंबऱ्यावर बसला. आज वर बघून बोलला.

"वैनी, तुमी यायच्या आधीच दादाचा दम थांबला हुता. माज्या हातात. तुमी पळत यायलता, मला सांगायला जीब उचलली न्हाई. पाणी तरी पाजू द्यावं म्हनलो. मोटरसायकलवर बी तुमाला कळू नये म्हनूनच घातलो."

मी चहा ठेवला. दोघांनी पिला. त्यानं तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या घरचा.

उद्या हुलसूरला जायचंय, अकरा घरं. तिथंही आधी माझंच सांगावं लागेल. सांगीन. पाणी मी पाजलं. त्यानं हे गेले नाहीत, ते निरोपाचं होतं, हे मला आज कळलं.