माझ्या नावाचा निकाल

ओहायो, मंगळवार

रॉय,

तुझ्या गॅरेजवरच्या भाड्याच्या खोलीला नगरपालिकेनं न विचारताच टाळं ठोकलं, तेही तुझ्याच हाताखाली शिकलेल्या माणसानं, हे ऐकलं आणि मी सफरचंदाचा केक केला.

तू नगरपालिकेसाठी घरं तपासायचास, तेव्हा कठडा हलतो म्हणून माझ्या माडीला असंच टाळं ठोकलं होतंस. म्हातारी भाडेकरू ओपल घरातल्या सपातांवर बर्फात उभी होती. मी म्हटलं, "निदान माझं ऐकून तरी घे." तू म्हणालास, "वहिनी, ऐकून घ्यायला मी पाद्री नाही."

ओपल त्याच हिवाळ्यात गेली. मी कोर्टात गेले. आधी नोटीस, मग सुनावणी, त्यानंतरच टाळं. घटनेनं हा हक्क दिलाय, असा निकाल मी मिळवला.

आता तुझी खोली सोडवायला तुझ्या वकिलाकडे तेवढाच एक निकाल आहे म्हणे. गुरुवारी कोर्टात तो वाचावा लागेल, माझ्या नावासकट.

हे पत्र मी टाकणार नाही. मी येणार हे तुला आधी कळलं, तर तुझं तोंड बघण्यातली मजा जाईल. पहिल्याच रांगेत बसेन. हल्ली मला कमी ऐकू येतं. तुझ्या वकिलानं नाव जरा मोठ्यानं घ्यावं.

तुझी वहिनी,
लोइस आमस्टुट्झ