पौंडात सुधारणारी कन्या

४ मार्च, दुपार
कन्यारत्न! वजन तीन किलो चारशे ग्रॅम. आई-मुलगी सुखरूप. मीही बरा आहे, कुणी विचारलं नाही.

सासूबाईंचा फोन. त्या परदेशात राहतात, तिकडे सगळं पौंडात चालतं. किलोत सांगितलं तर म्हणे बाळ डोळ्यांपुढे येत नाही. रूपांतराचं खातं मी माझ्याकडे घेतलं. कुरिअरच्या काउंटरवर वीस वर्षं पार्सलं तोलतोय, वजन म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. किलोला दोन पूर्णांक दोनने गुणायचं. आलं ७.४८, धरलं ७.५. लगेच कळवून टाकलं: सात पौंड पाच औंस. सासूबाई खूश.

५ मार्च
साहेबांना कळवलं, मेहुणीला कळवलं, लिफ्टमध्ये भेटलेल्या एका गृहस्थांनाही कळवलं. पौंड म्हणजे किती, असं त्यांनी विचारलं. समजावून सांगू लागलो. ते मधल्याच मजल्यावर उतरून जिन्याने गेले.

८ मार्च, संध्याकाळ
दवाखान्यात तपासणी. नर्सबाईंनी कन्येला काट्यावर ठेवलं. तीन किलो अडीचशे. म्हणाल्या, सुरुवातीला थोडं उतरतंच, पण पुढच्या तपासणीपर्यंत जन्माचं वजन भरून यायला हवं, नाहीतर वरचं दूध सुरू करावं लागेल. बायकोचा चेहरा पडला. टॅक्सीत रडली. म्हणाली, माझंच कुठेतरी कमी पडतंय. मला फार वाईट वाटलं.

घरी आल्यावर डोकं शांत ठेवून गुणाकार केला. ७.१५. म्हणजे सात पौंड पंधरा औंस! पाचावरून थेट पंधरा! किलोत उतरली असेल, पौंडात मुलगी सुधारते आहे. बायकोला सांगितलं. तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली. आदर असावा.

सासूबाईंनाही कळवलं. तिकडे आनंदीआनंद.

९ मार्च
मेहुणीचा फोन. ती म्हणते, पौंडात औंस सोळा असतात. दशांशचिन्हापुढचा आकडा तसाच उचलून त्याला औंस म्हणायचं नसतं. साडेसात पौंड म्हणजे सात पौंड आठ औंस. ७.१५ म्हणजे सात पौंड दोन औंस. थोडक्यात, कन्या पौंडातही उतरलीच आहे. तासभर हिशेब तपासला. सोळा आणे खरा निघाला.

तरी दोष माझा नाही. सरळ दहा सोडून सोळा करायची कुणाला काय गरज पडली होती? निश्चय: औंस कायमचे बंद. यापुढे फक्त पूर्ण पौंड.

हे बायकोला कसं सांगावं या विचारात होतो, तेवढ्यात कळलं की मेहुणीने आधी तिलाच फोन केला होता.

१० मार्च
नवी योजना. वजन घरीच करायचं. सासूबाईंनी लग्नात दिलेला पौंडांचा काटा माळ्यावरून काढला. कन्येला घेऊन वर उभं राहायचं, आकडा बघायचा, त्यातून माझं वजन वजा करायचं. शेंबड्या पोरालाही जमेल. माझं एकशे सत्तर. गेल्या वर्षीच ऑफिसच्या तपासणीत मोजलंय, पुन्हा कशाला? आम्ही मुळात स्थिर प्रकृतीचे.

दोघं मिळून १७८. कन्या आठ पौंड!

१३ मार्च, सकाळ
१८०. कन्या दहा पौंड. बायको अजून दर दोन तासांनी उठून पाजते. आता एवढ्याची गरज नाही, असं सुचवलं. उशी फेकून मारली. हलकी होती.

भेटायला येणारे तिच्यासाठी बदाम, खजूर, बिस्किटं आणतात. तिला खायला सवड नाही. अन्न वाया जाऊ नये म्हणून मी बघतो.

१६ मार्च
१८१! अकरा पौंड, म्हणजे पाच किलो! मुलगी नव्हे, पहिलवान आहे. बायकोला म्हटलं, उद्यापासून निश्चिंत राहा. ती म्हणाली, परवा नर्सबाई सांगतील तेव्हा राहीन. स्वतःच्या नवऱ्यावर एवढाही विश्वास नसावा?
पँट धुतल्यावर आटली आहे. लाँड्री बदलायला हवी.

१८ मार्च, दुपार
दवाखाना. तीन किलो चारशे वीस. नर्सबाई म्हणाल्या, जन्माचं वजन भरून वर वीस ग्रॅम, वरच्या दुधाची गरज नाही, आईने छान केलंय. बायको तिथेच रडली, या वेळी आनंदाने. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू.

पण पाच किलोची मुलगी साडेतीनवर कशी येईल? तुमचा काटा एकदा तपासून घ्या, असं नर्सबाईंना नम्रपणे सुचवलं. त्यांनी मला मोठ्या माणसांच्या काट्यावर उभं केलं. एकोणऐंशी किलो. तिथल्या तिथे गुणाकार केला. एकशे चौऱ्याहत्तर पौंड. आजवरचा माझा एकमेव बरोबर आलेला हिशेब.

१८ मार्च, संध्याकाळ
सासूबाईंचा फोन. या वेळी बायकोने घेतला. म्हणाली, वाढलं ना वजन, आई. मुलीचं वीस ग्रॅम, बाकी सगळं जावयाचं.

आता कन्या माझ्या पोटावर झोपली आहे. बायको म्हणते, पाळण्यात ही दहा मिनिटं टिकत नाही, तुझ्यावर चांगली मऊ जागा सापडलीय तिला, अजिबात हलू नकोस. एवढं बोलून ती आत गेली आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदाच बिनघोर झोपली.

एका हाताने लिहितोय. माझं ताट टेबलावर झाकून ठेवलंय. इथून दिसतं, हात पोहोचत नाही.