दुखत तर नाहीये

१२ फेब्रुवारी

आजपासून नवी बॅच. चार जण. त्यात एक दातांची डॉक्टर आहे, दोन गल्ल्या सोडून क्लिनिक चालवते. स्टिअरिंग असं धरते, जणू समोरच्याचा जबडाच धरलाय. बसल्याबसल्या काच पूर्ण खाली केली. बाहेर बऱ्यापैकी गार होतं. मी म्हटलं, मॅडम, काच वर घ्या. म्हणाली, नको सर, मोकळी हवा बरी वाटते. नवशिके घाबरले की त्यांना हवा लागते. इतकी वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय, माणूस बघताक्षणी कळतो.

परत येताना तिने विचारलं, "सर, ब्रश करताना तुमच्या हिरड्यांतून रक्त येतं का?"

मी म्हटलं, समोर बघा, स्पीडब्रेकर आहे.

येतं की. ब्रश कडक आहे आणि हात जड आहे, येणारच. पण आयुष्यात एक दात किडलेला नाही, दातांच्या डॉक्टरची पायरी चढलेलो नाही. आणि दुखत तर नाहीये.

१५ फेब्रुवारी, सकाळी

खूप विचार करून ठरवलं. जिथून रक्त येतं तिथे ब्रश लावायचा नाही. गुडघा फुटला तर आपण तो रोज घासतो का? खालचे पुढचे दात आणि वरच्या डाव्या दाढा आजपासून रजेवर. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग घासणार काय?"

उरलेले.

संध्याकाळी

रक्त नाही. उपाय लागू पडला. अशा साध्या गोष्टींसाठी लोक डॉक्टरांची घरं भरतात.

२२ फेब्रुवारी

मुलीने गाडी शिकायला दुसऱ्या स्कूलमध्ये नाव घातलं. बापाची स्वतःची स्कूल असताना. विचारलं तर म्हणाली, "बाबा, तुझ्याकडे शिकले तर लोक म्हणतील वशिल्याने पास झाली." स्वाभिमानी आहे. माझ्यावर गेली आहे.

बॅचमधले दोघं येईनासे झाले. आजकाल कुणात चिकाटी नाही.

गाडीत पेपरमिंटच्या गोळ्यांचा डबा ठेवलाय. बोलून बोलून तोंड कोरडं पडतं. तहान तर इतकी की बाटली पुरत नाही. रात्रीही दोन-तीनदा उठावं लागतं. एवढं पाणी पितो म्हटल्यावर उठणारच. हिशेब सरळ आहे.

२ मार्च

आरशात नीट पाहिलं. माझे पुढचे दात लांब झालेत. भास नाही, जुन्या लायसन्सवरच्या फोटोशी ताडून पाहिलं. या वयात दात वाढतायत. शरीर आतून तरुण असल्याशिवाय असं होत नाही.

दातवालीला सहज सांगितलं, डॉक्टर म्हणून तिला नवल वाटेल असं वाटलं. तिने चौकातच गाडी बंद पाडली. मागचे हॉर्न वाजवतायत आणि ही माझ्याकडे बघतेय.

"सर, दात वाढत नाहीत. हिरडी मागे सरकतेय. आतलं हाडही झिजत असणार. एकदा येऊन दाखवा ना."

मी म्हटलं, आधी क्लच सोडायला शिका. गिऱ्हाईक गाठायची पद्धत असते एकेकाची.

९ मार्च

आज रिव्हर्स शिकवत होतो. तिने मान मागे वळवली ती बाहेरच्या बाजूने. आरशात दिसत असताना खिडकीतून डोकं बाहेर कशाला काढायचं? नवशिक्यांची सवय.

गाडी लावून झाल्यावर पुन्हा तेच. दातांच्या मुळाशी रोजचा थर साचतो, साफ झाला नाही की दगडासारखा घट्ट होतो, त्याच्या आड हिरडीला संसर्ग होतो, मग हाड जातं. "किडलेला दात निदान ठणकतो, सर. हे दुखत नाही. म्हणून तर माणूस उशिरा येतो."

न दुखणारा आजार मी आजपर्यंत ऐकला नव्हता. तिला म्हटलं, मॅडम, मशीनने दात साफ केले की हलायला लागतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तर म्हणाली, "ते आधीच हलत असतात. दगडाने एकमेकांना धरून ठेवलेलं असतं, तो काढला की कळतं." मग विचारलं, तहान फार लागते का? रात्री उठावं लागतं का? घरात कुणाला शुगर होती का?

मी म्हटलं, हा रस्ता वनवे आहे, गाडी वळवा.

वडिलांना होती. त्यांचे दातही पन्नाशीतच गेले. म्हणजे हे घराण्यातलं आहे. म्हणजे यात माझा दोष नाही. हे लिहिल्यावर फार मोकळं वाटलं.

१७ मार्च

घरच्या घरी कोर्स करायचं ठरवलं. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दोन वेळा. निळं माउथवॉश दोन वेळा. ब्रश आणखी कडक. महिनाभरात दातवालीच्या समोर तोंड उघडून दाखवायचं आणि काही न बोलता मिटायचं.

केमिस्टने विचारलं, कुणासाठी? मित्रासाठी म्हटलं. तो एक पाऊल मागे सरकून बिल करत होता.

१८ मार्च

गुळण्या उद्यापासून. आज उशीर झाला.

२१ मार्च

माउथवॉशने तोंडाची आग होते. म्हणजे आत काहीतरी काम चाललंय. गुळण्यांचं बघू.

खालच्या पुढच्या दोन दातांत फट पडली आहे. जीभ सारखी तिथेच जाते. फट असणारी माणसं नशीबवान असतात, असं कुठेतरी ऐकलंय.

२९ मार्च

दुपारी सफरचंद खात होतो. चावा घेतला, हात खाली आणला, तर सफरचंदात दात.

खालचा, पुढचा. आख्खा, मुळासकट. कळलंसुद्धा नाही. मी बराच वेळ सफरचंदाकडेच बघत बसलो, हा दुसऱ्या कुणाचा असेल असं वाटून.

बायकोने तो धुतला आणि खिडकीपाशी उजेडात धरला. कुठे कीड नाही. वरून पांढराशुभ्र, खाली मुळाला करडा खरबरीत थर. म्हणाली, "अहो, हा तर चांगला दात आहे."

मी म्हटलं, तेच तर मी सांगतोय.

तिने दात टिश्यूत गुंडाळून फ्रिजवर ठेवला. मग म्हणाली, सोमवारी त्या डॉक्टरकडे जा. जातो म्हटलं. दुखलं नाही, हे महत्त्वाचं.

१ एप्रिल, सोमवार

गेलो होतो. क्लिनिकच्या समोर गाडी लावली. आत जाणार एवढ्यात एक माणूस बाहेर आला, गालाला रुमाल लावून, पायऱ्या उतरताना कठड्याला धरत. गर्दी असणार आत. गर्दीत डॉक्टर घाई करतात. घाईत चुका होतात. पेट्रोल भरून घरी आलो. बायकोला सांगितलं, हिरड्यांना आराम द्यायला सांगितलाय.

तिने विचारलं, असं म्हणाली ती? मी म्हटलं, साधारण.

८ एप्रिल, दुपारी

शाळेच्या मागचा उतार. दातवाली चालवत होती, बऱ्यापैकी जमायला लागलंय. उभ्या टेम्पोच्या आडून एक बाई बाबागाडी ढकलत एकदम रस्त्यात आली. दातवालीने ब्रेक दाबला. गाडी गचका खाऊन बंद पडली. बाबागाडी आणि बंपर यांच्यात हातभर अंतर. त्या बाईने आमच्याकडे नुसतं पाहिलं आणि निघून गेली.

माझ्या पायाशीही ब्रेक आहे. मी मुद्दाम दाबला नाही. शिकणाऱ्याने स्वतः दाबायला हवा, तेव्हाच आत्मविश्वास येतो. तिलाही तसंच सांगितलं.

तिने गाडी कडेला घेतली, इंडिकेटर न विसरता. "सर, तुमच्या पायाला मुंग्या येतात का?"

कुणाला येत नाहीत, म्हटलं.

"साखर तपासून घ्या. माझ्याकडे येऊ नका हवं तर, कुठेही जा. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही. पण तोवर मी तुमच्या शेजारी बसणार नाही." किल्ली माझ्या हातात दिली आणि चालत गेली.

संध्याकाळी

खरं लिहायचं तर मी ब्रेक दाबला होता. निदान दाबतोय असं वाटत होतं. खाली पाहिलं तेव्हा पाय पेडलच्या बाजूला, मॅटवर होता. मॅटच दाबत होतो. पायाला फरक कळला नव्हता.

बूट जाड आहेत. उद्या पातळ सोलचे आणतो.

११ एप्रिल

नवे बूट घेतले. दुकानातून बाहेर आलो तर एका पायात जुनाच होता. दुकानदार मागून धावत आला.

वरच्या डाव्या हिरडीवर फोड आलाय. दाबला की खारट, घाण चव येते. आतली घाण बाहेर पडतेय, चांगलंच आहे. शरीर स्वतःची सर्व्हिसिंग करतं.

१३ एप्रिल

फोड बसला. पण गाल वर आलाय. खालच्या उजव्या दाढेखालीही टणक लागतंय, जबड्याच्या खाली, गळ्याकडे. आता मात्र दुखतंय. थोडं. ताप असेल बारीक. स्कूलला दोन दिवस सुट्टी दिली, गाडीचं काम आहे असं पाटीवर लिहिलं.

उद्या उठल्यावर सगळं उतरलेलं असेल.

१४ एप्रिल

तोंड बोटभर उघडतं. थुंकी गिळता येत नाही. बायको फोनवर कुणाशी तरी

१७ एप्रिल, हॉस्पिटल

चौदा तारखेचं वाक्य अर्धंच राहिलं होतं. आज बसता येतंय म्हणून लिहितोय.

बायकोने स्कूलच्या रजिस्टरमधून नंबर काढून दातवालीलाच फोन केला होता. ती क्लिनिक सोडून चालत आली. दारातूनच माझ्याकडे पाहिलं, गळ्याला हात लावून पाहिला, जीभ वर करा म्हणाली. झाली नाही. बायकोला म्हणाली, "सूज खाली उतरतेय. श्वासाच्या वाटेवर आली तर वेळ राहणार नाही." ॲम्ब्युलन्सला अर्धा तास सांगत होते. मुलगी ऑफिसात, बायकोला गाडी येत नाही.

मग दातवालीने माझी किल्ली उचलली.

तिच्याकडे फक्त लर्निंग लायसन्स. शेजारी लायसन्सवाला हवा म्हणून मला पुढे बसवलं. "पाय वर घेऊन बसा, सर. कशालाही लावू नका." बायको मागे, माझ्या खांद्याला धरून. पहिल्याच सिग्नलला गाडी बंद पडली. क्लच हळू सोडा, एवढंच सांगायचं होतं. तोंडातून नुसती लाळ आली. दुसऱ्यांदा तिने स्वतःच हळू सोडला. उतारावर गिअर बरोबर टाकला. चौकात घाई केली नाही. मी आयुष्यात प्रथमच शेजारी बसून गप्प होतो, आणि घरघर ऐकत होतो. इंजिनची नव्हती.

काच खालीच होती. मला तिच्या बाजूची हवा लागत होती, आणि त्या हवेत मला पहिल्यांदा तो वास आला. गटाराचं झाकण उघडल्यावर येतो तसा. मी मान वळवून बाहेर कुठे गटार आहे का पाहिलं. स्वच्छ रस्ता होता.

गळ्याला खालून छेद देऊन पू काढला. साखर इतकी होती की नर्सने पुन्हा टोचून पाहिलं. सकाळी डॉक्टर येऊन म्हणाले, अजून तासभर घरी काढला असता तर आपण बोलत नसतो. मी तसाही बोलत नव्हतो.

१९ एप्रिल

वरचे सहा आणि खालचे चार दात काढले. उरलेले टिकतील, पण साखर ताब्यात राहिली आणि दर तीन महिन्यांनी साफ करून घेतले तर. दातवाली येऊन समजावून गेली. ब्रश मऊ. हिरडीच्या कडेला तिरका, हलक्या हाताने. दातांच्या मधलं वेगळ्या छोट्या ब्रशने. "रक्त आलं म्हणून थांबायचं नाही, सर. येतं तिथेच साफ करायचं."

बायकोला विचारलं, वास कधीपासून येत होता? लिहून विचारलं. ती म्हणाली, दोन वर्षं. म्हणाली, सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही म्हणालात कांदा खाल्लाय. मग म्हणाली, शिकायला येणारे दोघं-तिघं घरी फोन करायचे, आणि ती त्यांना सांगायची की तुमचं पोट बिघडलंय. मुलीलाही तिनेच दुसरीकडे नाव घालायला सांगितलं होतं. "पोरीने तुम्हाला तोंडावर काही बोलू नये म्हणून."

मी वही मिटली. मग पुन्हा उघडून हे लिहिलं.

२ मे

घरी. पायाची आणि डोळ्यांची तपासणी होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. मऊ ब्रशने सकाळी रक्त आलं. थांबलो नाही. बायको शेजारी उभी राहून बघत होती, तिने तोंड फिरवलं नाही.

दातवाली टेस्ट पास झाली. पहिल्या झटक्यात. निरोप पाठवला होता.

दात बसवायला हिरड्या भरून यायला हव्यात, अजून वेळ आहे. तोवर स्कूल कशी चालवायची ते ठरवलंय. एक तरुण इन्स्ट्रक्टर ठेवायचा. मी ऑफिसात बसून थिअरी शिकवणार. माझा अनुभव एवढा आहे की गाडीत बसायची गरजच नाही. नवी बॅच आठ जणांची. पाटी नव्याने रंगवायची.

६ मे

ऑफिसचं शटर उघडून बसलो. पाटीवर ओळ घालायला रंगारी यायचा होता, आला नाही. अकराच्या सुमाराला कॉलेजातला एक मुलगा आत आला. शिकायचंय म्हणाला. मी उठून उभा राहिलो. थिअरी, प्रॅक्टिकल, दोन सत्रं, सगळं समजावून सांगितलं, तोंडापुढे हात धरून. पुढचे दात नसले की स आणि त कुठल्या कुठे जातात. तो मान हलवत ऐकत होता, फार अदबीने, आपण म्हाताऱ्यांचं ऐकून घेतो तसा.

माझं झाल्यावर त्याने माझ्यामागे, आतल्या दाराकडे पाहिलं. म्हणाला, "काका, सर कधी भेटतील?"

मी म्हटलं, थांब, विचारून येतो. आत गेलो आणि खुर्चीवर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने शटरपाशी पावलं वाजली, मग नाही.